खिंडीला नाव कुणाचे?

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा नकाशा समोर धरला, तर त्याच्या पश्चिम अंगाला लागून डोंगरांची एक लांबलचक रांग उभी दिसते. कॅप्टन कुकने तिला ‘सदर्न आल्प्स’ म्हटले. आपण मात्र सह्याद्री डोळ्यांपुढे आणावा, म्हणजे तिचा स्वभाव चटकन उमगेल. पश्चिमेला समुद्र, समुद्रावरून येणारे ओले वारे, त्यांना अडवणारी भिंत. भिंतीच्या अलीकडे धुवाधार पाऊस आणि पलीकडे कोरडी भूमी. फरक एवढाच की आपला पाऊस चार महिने राहून हस्ताच्या गडगडाटात निरोप घेतो. तिथला पाहुणा बारा महिने मुक्काम ठोकून असतो. किनाऱ्यावरच्या हास्ट गावी वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस होतो, डोंगरात त्याहून पुष्कळच अधिक. आणि रांगेच्या पलीकडे, सेंट्रल ओटागोत, काही गावांना जेमतेम चारशे मिलिमीटरांवर वर्ष काढावे लागते.

या भिंतीतून मोटारीने पार होण्याच्या प्रमुख खिंडी तीन. त्यांतली सर्वांत ठेंगणी ती हास्टची खिंड. उंची अवघी 562 मीटर. वानाका सरोवराकडून निघाले, की सुमारे 140 किलोमीटरांच्या प्रवासात माणूस पिवळ्या गवताच्या उघड्या माळावरून थेट शेवाळाने लगडलेल्या सदाहरित अरण्यात येतो आणि शेवटी समुद्राला भिडतो. वाटेत धबधबे आहेत. त्यांच्यासाठी मोटार थांबवायची, पाच-दहा मिनिटे झाडीतून चालायचे, पाण्यासमोर उभे राहायचे आणि पुढे निघायचे, असा तिथला रिवाज आहे. आपणही तसेच जाऊ. पण मध्ये मध्ये एक प्रश्न सोडवीत जाऊ: ही खिंड हास्टची कशी झाली?

हा योहान फ्रान्झ यूलिउस हास्ट जर्मन. जन्म 1822 साली बॉनचा. 1858 च्या डिसेंबरात तो न्यूझीलंडात उतरला आणि थोड्याच वर्षांत कँटरबरी प्रांताचा भूगर्भशास्त्रज्ञ झाला. माणूस विद्वान, उद्योगी आणि राजेरजवाड्यांना ओळखून असणारा. 1865 साली त्याने पश्चिम किनाऱ्यावरच्या एका हिमनदीला ऑस्ट्रियाचा बादशहा फ्रान्झ जोसेफ याचे नाव दिले, आणि 1875 साली त्याच बादशहाकडून त्याला सरदारकी मिळून नावामागे ‘फॉन’ लागले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, तो वाचकांनी आपापल्या परीने लावावा. त्याच्या कामाला मात्र उणे म्हणता येणार नाही. मोआ या नामशेष झालेल्या प्रचंड पक्ष्याची हाडे त्याने जमवली आणि क्राइस्टचर्चचे मोठे संग्रहालय उभे केले.

1863 च्या आरंभी हास्ट मोजकी माणसे घेऊन वानाकाकडून मकरोरा नदीच्या खोऱ्यात शिरला. पावसाने त्यांना पुन्हा पुन्हा तंबूत कोंडून घातले. खिंड ओलांडून पलीकडची नदी धरीत ते फेब्रुवारीत समुद्रावर पोचले. खिंडीला हास्टचे नाव, नदीला हास्टचे नाव, पुढे मुखाजवळच्या गावालाही हास्टचेच नाव!

पण त्याच वर्षीच्या जानेवारीत चार्ल्स कॅमेरॉन नावाचा सोन्याच्या शोधात हिंडणारा एक फाटका माणूस याच वाटेने वर गेला होता. त्याच्यापाशी ना सरकारी हुकूम, ना नकाशे काढणारे मदतनीस. आपण आधी आलो होतो हे त्याचे म्हणणे कोण ऐकणार? पुढे 1881 साली ब्रॉडरिक नावाच्या मोजणीदाराला खिंडीच्या पश्चिमेकडे कॅमेरॉनने मागे ठेवलेली दारूची कुपी सापडली. (बंदुकीची दारू, दुसरी नव्हे.) अठरा वर्षे पावसात पडून राहिलेल्या त्या कुपीने त्याची बाजू मांडली खरी, पण तोवर नकाशे छापून झाले होते.

खिंड ओलांडून उतार लागला, की पहिला थांबा फँटेल धबधब्याचा. फँटेल हे तिथल्या एका चिमण्या पाखराचे नाव; आपल्याकडच्या नाचणीचा तो भाऊबंद. शेपटीचा पंखा उघडतो, मिटतो आणि माणसाच्या पायांपाशी उठणाऱ्या किड्यांसाठी बिनदिक्कत मागोमाग येतो. पाणी खडकावरून तसेच पंख्यासारखे पसरत येते, म्हणून हे नाव. माओरी लोक या पाखराला ‘पीवाकावाका’ म्हणतात.

आणि माओरींचे नाव निघाले की कॅमेरॉन आणि हास्ट यांचा वाद पोरखेळ वाटू लागतो. पश्चिम किनाऱ्यावर ‘पौनामू’ नावाचा हिरवा, कणखर दगड मिळतो. त्याची हत्यारे होत, दागिने होत, पिढीजात ठेवा म्हणून तो जपला जाई. तो आणण्यासाठी माओरी माणसे अनेक पिढ्या याच खिंडीतून ये-जा करीत. त्यांनी खिंडीला ‘तिओरिपातेआ’ म्हटले. त्याचा अर्थ, पुढची वाट मोकळी आहे. मोकळ्या वाटेने वैरीही येतो. 1836 च्या सुमारास उत्तरेकडचा ते पुओहो नावाचा सरदार आपली टोळी घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने खाली आला, ही खिंड चढला आणि सरोवरांकाठच्या बेसावध वस्त्यांवर तुटून पडला. पुढे दक्षिणेत तुतुराऊ येथे त्यालाही मरण आले. हास्ट खिंडीत पाऊल ठेवण्याआधी पाव शतक या वाटेवरून अख्खी स्वारी गेली होती!

खाली उतरता उतरता दरी एकदम आवळते. नदी घराएवढ्या धोंड्यांतून आदळत-आपटत जाते आणि वर पूल आहे. या जागेला ‘हास्टचा दरवाजा’ म्हणतात. रस्ता करणाऱ्यांची खरी परीक्षा इथे झाली. काम 1929 साली सुरू झाले. पुढे मंदीच्या दिवसांत बेकारांना इथे रोजगार मिळाला. पहार आणि फावडी यांच्या बळावर, सततच्या पावसात, हा डोंगर खोदला जात होता. मग महायुद्धाने काम थांबले. वानाकाकडून रस्ता हास्टपर्यंत पोचायला 1960 साल उजाडले. एकतीस वर्षे! त्या मजुरांची नावे कुठल्या सुळक्याला नाहीत, ओढ्याला नाहीत.

डोंगराने अजून हार मानलेली नाही. 2013 च्या सप्टेंबरात याच भागात डायना धबधब्याजवळ पावसात कडा कोसळला आणि एका मोटारीसह दोन प्रवासी खाली नदीत गेले. त्यानंतर कितीतरी महिने रात्रीची वाहतूक बंद ठेवावी लागली.

दरवाजाच्या थोडे खाली थंडर क्रीकचा धबधबा आहे, 28 मीटरांचा. मुख्य दरी मोठ्या हिमनदीने खोल खरवडली, बाजूची धाकटी दरी वरच लटकत राहिली. बर्फ गेला आणि धाकटीचे पाणी थोरलीत उडी घेऊ लागले, अशी त्याची जन्मकथा. आणखी पुढे, सपाटीवर येता येता, ‘रोअरिंग बिली’. रिमूच्या आणि बीचच्या झाडीतून नदीच्या गोट्यांवर यायचे आणि पलीकडच्या तीरावर गर्जणारे पाणी बघायचे. मला या धबधब्यांची नावे फार आवडतात. एकाला पाखराचे, एकाला मेघगर्जनेचे, आणि तिसरा नुसता ओरडणारा कुणी बिली.

1990 साली हा सारा मुलूख ‘ते वाहिपौनामू’, म्हणजे हिरव्या दगडाचे ठिकाण, या नावाने जागतिक वारशात गेला. 1998 साली नाय ताहू या माओरी जमातीशी सरकारने केलेल्या तडजोडीच्या कायद्यात खिंडीचे जुने नावही सरकारदरबारी परत आले. आता तिचे अधिकृत नाव हास्ट आणि तिओरिपातेआ असे जोडीने लिहितात. कॅमेरॉन त्या जोडीत नाही.

हास्टला पोचलेला रस्ता उत्तरेकडच्या पारिंगाला जोडला गेला तो 1965 साली. तोवर तिकडची गुरे जंगलातल्या पायवाटेने हाकीत बाजाराला न्यावी लागत. ही हाकणी 1961 पर्यंत चालली. या नव्या तुकड्यावर समुद्रात घुसलेले एक देखणे टोक आहे, नाइट्स पॉइंट. मोटारी तिथेही थांबतात. हा नाइट कुणी सरदार असेल, असे वाटते. पण तो रस्त्याच्या कामावरच्या मोजणीदाराचा कुत्रा होता.