लघवीला जळजळ : दरवेळी ‘उन्हाळी’च असते असं नाही! कारणं, तपासणी आणि उपचार

कापूस वेचणी असो, ऊसतोड असो की खुरपणी, रानात दिवसभर राबणाऱ्या बऱ्याच बाया सकाळी निघतानाच पाणी कमी पितात. कारण साधं आहे, शेतात आडोसा नसतो. लघवी लागली तरी संध्याकाळपर्यंत दाबून धरायची. मग एक दिवस लघवीला आग होते, थेंब थेंब येते, ओटीपोट दुखतं. घरात सांगितलं की उत्तर ठरलेलं : “उन्हाळी लागली असंल, धने-जिऱ्याचं पाणी पी.”

कधी तेवढ्यानं बरं वाटतं. पण कधी आजार दुसराच असतो आणि वाट बघण्यात तो किडनीपर्यंत जातो. म्हणून हा फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे.

उन्हाळी म्हणजे काय?

उन्हात घाम गेला आणि पाणी कमी पिलं की लघवी कमी, गडद पिवळी आणि घट्ट होते. अशी लघवी होताना थोडं चरचरतं. सावलीत बसून पाणी, ताक, लिंबू-सरबत घेतलं की काही तासांत लघवीचा रंग फिका होतो आणि त्रास कमी होतो. एक दिवस भरपूर पाणी पिऊनही जळजळ तशीच राहिली, तर लघवी तपासून घ्यावी.

सर्वांत मोठं कारण : जंतुसंसर्ग

आपल्या आतड्यात ‘ई. कोलाय’ नावाचे जंतू असतात. तिथं ते सहसा त्रास देत नाहीत. पण शौचाच्या जागेवरून ते लघवीच्या मार्गात शिरले की संसर्ग होतो. बायांचा लघवीचा मार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर असतो, पुरुषांचा साधारण २० सेंटिमीटर. त्यामुळे बायांमध्ये जंतू मूत्राशयापर्यंत लवकर पोचतात. लघवी दाबून ठेवली की आतल्या जंतूंना वाढायला वेळ मिळतो. वारंवार लघवीला लागणं, जाऊन आलं तरी पुन्हा लागल्यासारखं वाटणं, गढूळ किंवा वास येणारी लघवी ही याची लक्षणं आहेत.

इतर कारणं

- मुतखडा : पाठीत किंवा कुशीत कळ येते, ती खाली जांघेकडे उतरते. लघवी लाल होऊ शकते.
- प्रोस्टेट ग्रंथी : पन्नाशीनंतर पुरुषांमध्ये ती वाढते. लघवीची धार बारीक होते, रात्री सारखं उठावं लागतं. लघवी तुंबली की संसर्ग होतो.
- साखर (मधुमेह) : वारंवार संसर्ग होत असेल तर रक्तातली साखर तपासावी.
- अंगावरून पांढरं जाणं, खाज : यात लघवी बाहेरच्या त्वचेला लागून झोंबते. उपचार वेगळा असतो.
- लैंगिक संबंधातून होणारे आजार : लघवीच्या जागेतून पू येणं, जखम होणं. लाज धरू नये. नवरा-बायको दोघांनीही औषध घ्यावं, नाहीतर आजार पुन्हा फिरून येतो.

तपासणी कशी होते?

पहिली तपासणी साध्या लघवीची. सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली धार स्वच्छ डबीत घ्यायची. आजार वारंवार होत असेल किंवा गोळ्यांनी बरा होत नसेल तर ‘कल्चर’ करतात. कोणता जंतू आहे आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल, ते त्यात कळतं. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. कल्चरचा नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधी द्यावा. गरज पडली तर डॉक्टर सोनोग्राफी सांगतात.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. त्यामुळे पैशासाठी दुखणं अंगावर काढू नये.

उपचार आणि नेहमीची चूक

बायांच्या साध्या संसर्गाला डॉक्टर बहुतेक वेळा ३ ते ७ दिवसांच्या गोळ्या देतात. दोन दिवसांत बरं वाटतं आणि इथंच चूक होते. उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवल्या जातात, पुढे त्याच शेजारणीला दिल्या जातात. डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स पुरा करावा. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक घेऊ नये. चुकीच्या, अर्धवट औषधांनी जंतू निगरगट्ट होतात. मग साध्या गोळ्या लागू पडत नाहीत, इंजेक्शनवर पाळी येते.

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या सिरपनं जळजळ कमी वाटते, पण जंतू मरत नाहीत. धने-जिऱ्याचं पाणी, ताक, सब्जा यांचंही तेच. प्यायला हरकत नाही, पण ते अँटिबायोटिकची जागा घेत नाहीत. किडनीचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी पाणी किती प्यायचं, ते डॉक्टरांना विचारावं.

यापैकी काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा

- थंडी-हुडहुडी भरून ताप
- पाठीत, बरगडीखाली दुखणं, उलट्या
- लघवीतून रक्त
- लघवी पूर्ण अडकणं
- गरोदर बाई, लहान मूल, पुरुष किंवा साखरेचा पेशंट असेल तर नुसती जळजळ असली तरी

ताप आणि पाठदुखी म्हणजे संसर्ग किडनीपर्यंत गेल्याची खूण असू शकते. म्हाताऱ्या माणसानं अचानक बरळायला सुरुवात केली, गुंगी आली तर १०८ ला फोन करावा.

गरोदरपणात काही त्रास नसतानाही लघवीत जंतू असू शकतात. उपचार झाला नाही तर किडनीचा संसर्ग आणि दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा धोका वाढतो. म्हणून आशाताई लघवी तपासायला सांगतात तेव्हा टाळू नये. या काळात मनानं कोणतीही गोळी घेऊ नये.

पुन्हा होऊ नये म्हणून

- लघवी फिकी पिवळी राहील इतकं पाणी प्यावं.
- दर तीन-चार तासांनी लघवीला जावं.
- शौचानंतर धुताना हात पुढून मागे न्यावा.
- संबंधानंतर लघवी करून यावं.
- पाळीत पॅड वेळेवर बदलावं. कापड वापरत असाल तर साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवावं.

शेवटची गोष्ट शेतमालक आणि मुकादमांसाठी. बांधाच्या कडेला चार बांबू रोवून जुनी ताडपत्री गुंडाळली तरी आडोसा होतो. शेजारी पाण्याची घागर ठेवावी. एवढं केलं तर बायांना पाणी पिताना दहादा विचार करावा लागणार नाही.