प्रस्तावना : जोडणाऱ्या सर्व्हरांची पारख

क्लॉड, चॅटजीपीटी, जेमिनाय किंवा कोपायलट यांच्यापैकी कुठल्याही सहायकाला चार सर्वसाधारण गोष्टी विचारल्या तर तो बरे उत्तर देतो. त्यालाच ‘आपल्या प्रकल्पातले कोणते तिकीट गेल्या आठवड्यापासून अडकले आहे?’ असे विचारा. त्याला तुमचा प्रकल्प माहीत नसतो आणि गेल्या आठवड्यात काय झाले तेही माहीत नसते, कारण त्याचे शिक्षण त्याआधीच कधीतरी थांबलेले असते. ऑफिसातली खरी माहिती जिरामध्ये, कॉन्फ्लुएन्सच्या पानांवर, गूगल ड्राइव्हच्या फोल्डरांत आणि स्लॅकवरच्या संभाषणांत असते. सहायक आणि ही माहिती यांच्यामध्ये उभा राहणारा जो प्रोग्रॅम, त्याला आज एमसीपी सर्व्हर म्हणतात. असे सर्व्हर आता हजारोंनी झाले आहेत. एकाच साधनासाठी तीन-तीन, चार-चार सर्व्हर मिळतात. त्यांतला चांगला कोणता आणि तो चांगला का, हे ठरवण्याचे शास्त्र मात्र अजून घडते आहे. ही प्रस्तावना त्या शास्त्राकडे वळू पाहणाऱ्या वाचकासाठी आहे.

एमसीपी म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल. अँथ्रोपिक कंपनीने तो २५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वांसाठी खुला केला. त्यापूर्वी प्रत्येक सहायकाला प्रत्येक साधनाशी वेगळे जोडावे लागे. पाच सहायक आणि वीस साधने असतील तर जोडण्या शंभर. मधली बोली एकच ठरली की पाच आणि वीस मिळून पंचवीस कामांत भागते. ही कल्पना अगदी नवी नव्हती. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल आणला तेव्हा कोड लिहिण्याचे एडिटर आणि प्रोग्रॅमिंगच्या भाषा यांच्यातला असाच गुंता सुटला होता, आणि एमसीपीच्या कर्त्यांनी त्याचे ऋण मान्य केले आहे. मार्च २०२५ मध्ये ओपनएआयने आणि पाठोपाठ एप्रिलमध्ये गूगल डीपमाइंडने एमसीपी स्वीकारत असल्याचे जाहीर केले. डिसेंबर २०२५ मध्ये तो लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील एजेंटिक एआय फाउंडेशनकडे सोपवण्यात आला. एकमेकांचे प्रतिस्पर्धी वर्षभरात एका बोलीवर आले, म्हणून तर सर्व्हरांची तुलना शक्य झाली. तोच सर्व्हर दोन सहायकांना किंवा तोच सहायक दोन सर्व्हरांना जोडून पाहता येतो.

तुलना मात्र कशाची करायची? बाजारात जे तक्ते फिरतात त्यांत बहुधा टूल्सची, म्हणजे सर्व्हर करू शकेल अशा एकेका कामाची, संख्या असते, कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावरचे पसंतीचे तारे असतात, बसवायला किती मिनिटे लागतात ते असते. माझ्या मते यातून सर्व्हरची पारख होत नाही. याचे कारण समजण्यासाठी साठ-सत्तर वर्षे मागे जावे लागेल, संगणकाच्या प्रयोगशाळेत नव्हे, एका ग्रंथालयात.

इंग्लंडमध्ये क्रॅनफिल्ड येथील विमानविद्येच्या महाविद्यालयात सिरिल क्लेव्हरडन ग्रंथपाल होते. त्या काळी लेख आणि अहवाल सूचीबद्ध करण्याच्या पद्धतींवरून मोठे वाद होत, आणि प्रत्येक पंथ आपलीच पद्धत तर्कशुद्ध असल्याचे सांगे. क्लेव्हरडन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस वाद थांबवून मोजायला घेतले. विमानविद्येवरचे १८,००० लेख चार पद्धतींनी सूचीबद्ध केले आणि प्रश्न विचारून कोणती पद्धत योग्य लेख काढून देते ते तपासले. चारपैकी एक पद्धत पैलूंवर आधारलेली होती. तिच्यामागे आपल्या ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचा विचार होता. निकालाने अनेकांना चकित केले. चारही पद्धतींत फार मोठा फरक निघाला नाही, आणि सुट्या शब्दांवर चालणारी, वर्गीकरणाचा डौल नसलेली युनिटर्म पद्धत काकणभर सरसच ठरली.

त्याहून महत्त्वाचा ठरला तो या प्रयोगावरचा आक्षेप. प्रश्न त्याच लेखांवरून बेतलेले होते. ज्या लेखातून प्रश्न काढला तोच शोधून दाखवायचा, ही परीक्षा खऱ्या वाचकाची नव्हती. क्लेव्हरडन यांनी आक्षेप मानला. १९६६ साली पुऱ्या झालेल्या दुसऱ्या प्रयोगात त्यांनी संशोधकांनाच विचारले की तुमचा लेख लिहिताना तुमच्यापुढे कोणते प्रश्न होते, आणि ते प्रश्न १,४०० लेखांच्या संग्रहावर चालवले. जे हवे होते त्यातले किती सापडले आणि जे सापडले त्यातले किती हवे होते, या दोन मापांवर आजही माहितीशोधाचे मूल्यमापन बरेचसे उभे आहे. सर्व्हरांची तुलना करणाऱ्याने क्रॅनफिल्डहून एक गोष्ट अवश्य घ्यावी: प्रश्न कुठून आले यावर निकालाची किंमत ठरते. सर्व्हर बनवणाऱ्याने स्वतःच रचलेल्या प्रश्नांवर त्याचा सर्व्हर नेहमीच उत्तम चालतो.

आता सर्व्हरच्या आत डोकावू. जोडणी झाली की सर्व्हर सहायकाला आपल्याकडच्या टूल्सची यादी देतो. प्रत्येक टूलचे नाव, ते काय करते याचे साध्या वाक्यांतले वर्णन, आणि त्याला कोणती माहिती पुरवावी लागेल याचा साचा. कोणते टूल कधी वापरायचे हे सहायकामागचे मॉडेल ती वाक्ये वाचून ठरवते. म्हणजे सर्व्हरचा मोठा भाग गद्य असतो. एकाच साधनावर बसवलेल्या दोन सर्व्हरांचा कोड जवळपास सारखा असूनही एक हुशार आणि दुसरा गोंधळलेला वाटतो, याचे कारण पुष्कळदा या वर्णनांत सापडते. शिवाय ही सगळी वर्णने बहुधा मॉडेलच्या मर्यादित संदर्भजागेत, म्हणजे ते एका वेळी वाचू शकेल तेवढ्या मजकुरात, बसतात. पाच सर्व्हर जोडून शंभर टूल्स गोळा केली तर प्रश्न विचारण्याआधीच बरीचशी जागा खर्ची पडलेली असते आणि सारख्या नावांच्या टूल्समधून निवड करताना मॉडेल चुकते. टूल्सची संख्या हा गुण का नव्हे, ते यावरून ध्यानात येईल.

उत्तर कोणत्या रूपात परत येते, हेही असेच जवळून पाहण्याजोगे आहे. नोंदी ठेवण्याच्या नोशन या साधनाचे उदाहरण मला फार बोलके वाटते. त्यांचा पहिला खुला सर्व्हर नोशनच्या एपीआयमधली प्रत्येक सोय जवळजवळ जशीच्या तशी टूल म्हणून मांडत असे. त्यामुळे पान मागितले की ब्लॉकांची उतरंड येई. एका साध्या परिच्छेदासोबत त्याचा ओळखक्रमांक, तो केव्हा तयार झाला, अक्षरे ठळक आहेत का, तिरपी आहेत का, खोडलेली आहेत का, रंग कोणता, असा सगळा जामानिमा. प्रोग्रॅमला हे हवेच असते. मॉडेलला त्यातले जवळजवळ काहीच नको असते, पण वाचावे सगळे लागते. २०२५ मध्ये नोशनने स्वतः चालवलेला सर्व्हर आणला तेव्हा टूल्स नव्याने बेतली आणि पान मार्कडाउनमध्ये देण्याची व्यवस्था केली. मजकूर तोच, पण वाचण्याचा खर्च पुष्कळ कमी. तुलना करताना अशी जागा हेरता आली पाहिजे.

प्रोग्रॅमिंगच्या लायब्रऱ्यांची माहिती पुरवणारे डॉक्युमेंटेशनचे सर्व्हरही असतात. त्यांत कसोटी वेगळी, आवृत्तीची. पायथॉनमधली पायडँटिक ही लायब्ररी २०२३ साली दुसऱ्या आवृत्तीत गेली आणि रोजच्या वापरातल्या कित्येक पद्धतींची नावे बदलली. ‘डिक्ट’ मागे पडून ‘मॉडेल डम्प’ आले. समजा, तुमचा प्रकल्प अजून पहिल्या आवृत्तीवर आहे. केवळ ताजी पाने देणारा सर्व्हर अगदी खरी, अधिकृत माहिती देईल आणि तुमचा प्रोग्रॅम बंद पाडेल. अपस्टॅश कंपनीचा कॉन्टेक्स्ट ७ हा सर्व्हर आधी लायब्ररी नेमकी कोणती ते निश्चित करतो, मग तिच्या डॉक्युमेंटेशनमधले तुकडे आणतो. त्याची व्याप्ती असंख्य लायब्रऱ्यांची. मायक्रोसॉफ्ट लर्नचा सर्व्हर एकाच घरातली अधिकृत पाने शोधतो, तुकडे देतो, आणि हवे तर पूर्ण पान आणून देतो. त्यासाठी लॉगिनही लागत नाही. दोघांत श्रेष्ठ कोण, या प्रश्नाला अर्थ नाही. माझ्या आवृत्तीबद्दल विचारले तर कोण काय देतो, हा प्रश्न अर्थाचा आहे.

आणखी एक प्रश्न प्रत्येक सर्व्हरला विचारावाच: जी सोय त्या लायब्ररीत मुळात नाहीच, तिच्याबद्दलचा. चांगला सर्व्हर काही सापडले नाही असे स्वच्छ सांगतो. कच्चा सर्व्हर जवळपासचे चार तुकडे आणून देतो आणि मॉडेल त्यांच्या आधारावर अस्तित्वात नसलेली सोय आत्मविश्वासाने समजावून देते. ‘नाही’ म्हणता येणे हा मी सर्व्हरचा सर्वांत मोठा गुण मानतो, आणि तुलनेच्या बहुतेक तक्त्यांत त्याला रकानाच नसतो.

कामकाजाच्या साधनांकडे आलो की वाचण्याबरोबर करण्याची ताकद येते. जिरातले तिकीट बंद करता येते, स्लॅकवर निरोप जातो, फाइल बदलते. इथे पहिली चौकशी अशी, की हे कोणाच्या अधिकारात होते? जिरा बनवणाऱ्या अटलासियनचा सर्व्हर ओऑथ या परवानगी देण्याच्या पद्धतीने वापरकर्त्याची संमती घेतो आणि त्याला मुळात जेवढे दिसते तेवढेच सहायकाला दाखवतो. गिटहबच्या अधिकृत सर्व्हरमध्ये टूल्सचे गट निवडता येतात आणि तो केवळ वाचनापुरता चालवण्याचीही सोय आहे. प्रोटोकॉलमध्ये मार्च २०२५पासून टूलवर ‘हे फक्त वाचते’ किंवा ‘हे मोडतोड करू शकते’ अशी खूण करता येते. पण ती खूण सर्व्हरने स्वतःबद्दल दिलेली ग्वाही असते, अनोळखी सर्व्हरच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नये.

मे २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्जच्या संशोधकांनी दाखवलेला एक प्रयोग या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने बारकाईने समजून घ्यावा. गिटहबवरच्या एका सार्वजनिक रिपॉझिटरीत कोणीही इश्यू नोंदवू शकतो. संशोधकांनी तिथे साध्या तक्रारीच्या वेषात सहायकासाठी सूचना लिहून ठेवल्या. मालकाने आपल्या सहायकाला ‘उघडे इश्यू पाहून घे’ एवढेच सांगितले. सहायकाने इश्यू वाचला, त्यातल्या सूचना मालकाच्याच समजून मालकाच्या खासगी रिपॉझिटऱ्या उघडल्या आणि तिथली माहिती सार्वजनिक पुल रिक्वेस्टमध्ये मांडली. गिटहबच्या सर्व्हरच्या कोडमध्ये त्यासाठी काही दोष असावा लागला नाही. प्रत्येक टूलने आपले काम बिनचूक केले होते. प्रोग्रॅमर सायमन विलिसन यांनी पुढच्याच महिन्यात या धोक्याची तीन अंगे नेमकी मांडली: खासगी माहितीपर्यंत पोच, परक्या माणसाने लिहिलेला मजकूर वाचणे, आणि बाहेर काही पाठवता येणे. ही तिन्ही एकत्र आली की चोरीची वाट तयार होते. ती तिन्ही एकाच सर्व्हरमध्ये असायला हवीत असेही नाही. दोन निर्दोष सर्व्हर एका सहायकाला जोडले की ती जुळू शकतात. म्हणून सर्व्हर एकेकटा तपासून भागत नाही. तुमच्याकडे जोडलेला सगळा संच मिळून तपासावा लागतो.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी इथे बरेच काही वाट पाहते आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ यानुसार राज्याचा कारभार मराठीतून चालतो. परिपत्रके, ठराव, टिपण्या मराठीत असतात. अशा संग्रहावर शोधाचा सर्व्हर बसवला तर काय होते? ‘कऱ्हाड’ हे नाव युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टंकता येते. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर असते. दुसरीत साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, अक्षर जुळवून शोधणाऱ्या प्रोग्रॅमला ती दोन वेगळी गावे वाटतात. ‘रस्ता’ शोधला तर ‘रस्त्याच्या डांबरीकरणाबाबत’ हे पत्र त्याला लागत नाही, कारण सामान्यरूपात शब्दाचे अंगच बदलते. अर्थावरून शोधणारे सर्व्हर ही अडचण काही अंशी ओलांडतात, पण गावाचे नाव, जावक क्रमांक, माणसाचे आडनाव अशा नेमक्या गोष्टींत त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. इंग्रजी प्रश्नांवर पहिला आलेला सर्व्हर मराठी संग्रहावर कोणत्या स्थानी येईल, हे तपासल्याशिवाय कोणीही सांगू नये.

यावरून ध्यानात येईल की हे क्षेत्र केवळ प्रोग्रॅमरांचे नाही. टूलचे वर्णन नीट लिहिणे हे तांत्रिक लेखकाचे काम आहे. काय सापडले पाहिजे होते हे ग्रंथपाल आणि अभिलेखपाल सांगू शकतात. परवानग्यांची साखळी लेखापरीक्षणाची सवय असलेल्या माणसाला चटकन दिसते. सामान्यरूपामुळे शोध कुठे फसेल ते व्याकरण शिकलेला विद्यार्थी आधीच सांगेल. या सर्वांनी यावे. प्रोटोकॉलची भाषा जेसन-आरपीसीवर आधारलेली आहे आणि तिचा तपशील सर्वांना वाचायला खुला आहे. थोडा वेळ दिला तर ती कोणालाही समजते.

सुरुवात करण्यासाठी मोठ्या यंत्रणेची गरज नाही. आपल्या ऑफिसात, महाविद्यालयात किंवा संस्थेत माणसे एकमेकांना दिवसभर जे विचारतात, ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या. त्यात ज्यांचे उत्तर नाही असे काही प्रश्न मुद्दाम घाला. आवृत्तीचे, तारखांचे, गावांच्या नावांचे घाला. मग तेच प्रश्न दोन सर्व्हरांवर चालवा, पहिल्यांदा केवळ वाचनाच्या परवानगीवर, आणि प्रत्येक उत्तराशेजारी ते कोणत्या पानावरून आले ते लिहा. खासगी तपशील वगळून ती वही प्रसिद्ध करा. मराठी प्रश्नांचा असा संग्रह या क्षेत्राला हवा आहे, आणि तो मराठी माणसांनीच करायला हवा.