ऐब लपवलेली गाडी आणि तिचे पावणेपाच लाख मालक

जनरल मोटर्सने १९७३ ते १९८७ या काळात अमेरिकेत जे मोठे पिकअप ट्रक विकले, त्यांची पेट्रोलची टाकी चेसीच्या बाहेर, एका अंगाला बसवलेली होती. बाजूने धडक बसली की टाकी फुटून आग लागते, अशी मालकांची तक्रार होती. मालक थोडेथोडके नव्हते, ५० लाखांहून जास्त होते. त्या सगळ्यांच्या वतीने एक सामूहिक दावा उभा राहिला आणि १९९३ मध्ये तडजोड ठरली. प्रत्येकाला १,००० डॉलरचे कुपन मिळणार होते. रोकड नाही, कुपन! तेही त्याच कंपनीचा नवा ट्रक घेतला तरच वापरता येणार होते. वकिलांना मात्र रोख ९५ लाख डॉलर.

फिलाडेल्फियाच्या अपील कोर्टाने १९९५ साली ही तडजोड फेटाळली. न्यायमूर्ती एडवर्ड बेकर यांचा मुद्दा कुणालाही कळेल असा होता. ज्याच्याकडे नवा ट्रक घ्यायला पैसे नाहीत, त्याच्या हाती काय पडले? जुना ट्रक त्याच टाकीसह रस्त्यावर धावतच राहणार. कंपनीने नुकसानभरपाईच्या नावाखाली आपल्या पुढच्या विक्रीची सोय करून घेतली होती. पुढे २००५ मध्ये अमेरिकेत कायदाच झाला, की कुपन देणाऱ्या तडजोडीत कुपनांच्या आधारावर फी घ्यायची असेल तर प्रत्यक्षात वटलेली कुपनेच मोजायची.

माल विकताना ऐब लपवला तर सौदा मोडण्याचा हक्क गिऱ्हाइकाला असतो, ही गोष्ट फार जुनी आहे. फिक़्हमध्ये तिला ‘खियार-ए-ऐब’ असे नावही आहे. पण तो हक्क एका विकणाऱ्याचा आणि एका घेणाऱ्याचा. कारखान्यातून एकच ऐब लाखो गाड्यांत बसून बाहेर पडतो, तेव्हा एकट्याने कोर्टात जाणे परवडत नाही. गाडीमागे नुकसान दोन-तीन हजार डॉलरचे आणि खटल्याचा खर्च त्याच्या कित्येक पट. कंपनीला हे पक्के ठाऊक असते. १९६६ मध्ये अमेरिकेच्या दिवाणी नियमावलीतला २३वा नियम बदलला तो नेमका इथे कामी आला. पैशाच्या दाव्यातही जो ‘मला यात धरू नका’ असे कळवत नाही, तो आपोआप दाव्यात धरला जाऊ लागला.

या नियमाची ताकद दिसली ती फोक्सवॅगनच्या प्रकरणात. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका लहानशा गटाने डिझेल गाड्यांच्या डिकीत मोजणीची यंत्रे ठेवून त्या थेट रस्त्यावर चालवल्या. प्रयोगशाळेत स्वच्छ ठरलेली जेट्टा रस्त्यावर मर्यादेच्या १५ ते ३५ पट नायट्रोजन ऑक्साइड सोडत होती. चाचणी चालू आहे हे गाडीतले सॉफ्टवेअर ओळखत होते आणि तेवढ्यापुरती गाडी शहाण्यासारखी वागत होती. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने नोटीस काढली. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या असल्याचे कंपनीने कबूल केले.

अमेरिकेतले दावे सॅन फ्रान्सिस्कोला न्यायमूर्ती चार्ल्स ब्रेयर यांच्यापुढे एकत्र आले आणि वर्षभरात तडजोड झाली. दोन लिटर इंजिनाच्या सुमारे पावणेपाच लाख गाड्यांसाठी कंपनीने १० अब्ज डॉलरपर्यंत रक्कम बाजूला काढली. मालकाला दोन वाटा होत्या. एक, सप्टेंबर २०१५ पूर्वीच्या बाजारभावाने गाडी कंपनीला परत विकायची. दुसरी, मंजूर झालेली दुरुस्ती फुकट करून घेऊन गाडी ठेवायची. मूळ मालकाने यातले काहीही निवडले तरी वर ५,१०० ते सुमारे १०,००० डॉलर रोख मिळणार होते. वकिलांचे १७.५ कोटी डॉलर कंपनीने वेगळे दिले, मालकांच्या वाट्यातून नाही. भाव घोटाळा उघड होण्याआधीचा धरला, हे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. नाही तर कंपनीच्याच दग्याने पडलेली किंमत कंपनीच्याच फायद्याची ठरली असती. परत आलेल्या हजारो गाड्या मिशिगनमधल्या एका ओस पडलेल्या स्टेडियमच्या आवारात रांगेने उभ्या होत्या.

जर्मनीत, कंपनीच्या स्वतःच्या घरी, असा कायदाच नव्हता. तो नोव्हेंबर २०१८ मध्ये आला. फेब्रुवारी २०२० मध्ये ८३ कोटी युरोची तडजोड झाली आणि मालकाला १,३५० ते ६,२५७ युरो देऊ केले गेले.

आता आपल्याकडे या. फोक्सवॅगनची पोलो आणि व्हेंटो पुण्याजवळच्या चाकणला बनत. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावल्या. भारतातले नियम आम्ही मोडलेच नाहीत, ही तिची भूमिका कायम राहिली. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड ठोठावला. तो भरायचा होता केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले. मालकाच्या नावावर या आदेशात एक पैसाही नव्हता.

कायदा आपल्याकडे नाही असे नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच एका ग्राहकाला सर्वांच्या वतीने तक्रार करण्याची मुभा होती, २०१९ च्या कायद्यातही ती आहे. पण तिच्यावरचे गाजलेले निवाडे आहेत फ्लॅटवाल्यांचे. मला त्याचे कारण सरळ दिसते. एका बिल्डरचे गिऱ्हाईक एकमेकांना ओळखतात, एकाच गेटवर भांडतात. एकाच मॉडेलचे गाडीवाले मालेगावात एक, चिपळूणला एक असे विखुरलेले. त्यात आपल्याकडे वकिलाला ‘जिंकलो तर हिस्सा घेईन’ या बोलीवर खटला चालवता येत नाही. मग लाखो जणांचा पुरावा गोळा करण्याचा खर्च आधी कोण करणार?

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम ११०-अ आले. सदोष गाड्या परत मागवण्याचा हुकूम सरकार आता देऊ शकते. कंपनीने दुरुस्ती करावी, गाडी बदलून द्यावी किंवा पूर्ण किंमत परत करावी, असे त्यात लिहिले आहे. एप्रिल २०२१ पासूनचे नियम मात्र सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागू आहेत. आपल्या मोहल्ल्यात सेकंडहँड गाडी घेऊन भाडे मारणाऱ्याची गाडी बहुतेक वेळा त्याहून जुनी असते.