वाळूची ऊब

आमच्याकडे कासव येतं ते थंडीच्या दिवसांत. दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्रीची मादी वर चढते, वाळूत हात-दीड हात खड्डा काढते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. पिल्लांचं तोंड ती कधी बघत नाही. पुढचे पन्नास-पंचावन्न दिवस अंड्यांना सांभाळते ती वाळूच.

पूर्वी ही अंडी लोक उकरून न्यायचे. कोल्हे-कुत्रे खायचे ते वेगळंच. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं वेळासच्या गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी राखायचं काम सुरू केलं. पुढे ते किनाऱ्यावरच्या गावागावांत पसरलं. आता हंगामात पुण्या-मुंबईची माणसं मुलाबाळांना घेऊन पिल्लं बघायला येतात. टोपली उपडी केली की इवलीशी काळी पिल्लं तुरुतुरु पाण्याकडे निघतात. बघणाऱ्याला वाटतं, कासवांचं आता बरं चाललंय.

माझे एक चुलते होते, त्यांना तर कासवाची काळजी करणंच हास्यास्पद वाटायचं. तापमानवाढीचा विषय निघाला की म्हणायचे, "अरे, त्यानं मंदार पर्वत पाठीवर घेतलान, त्याला तुमच्या उन्हाचं काय घेऊन बसलास? ऊन काय आज पडतंय?"

चुलत्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. समुद्री कासवांचा वंश दहा कोटी वर्षांहून जुना आहे. डायनासोर गेले, कासवं राहिली. हिमयुगं आली नि गेली, समुद्र मागे हटला, पुढे आला, तरी कासवं राहिली. मग एक-दोन अंशांनी त्यांचं काय बिघडणार, हा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचं उत्तर वाळूच्या पोटात आहे.

आंबा आढीत घालताना पेंढ्याची ऊब किती हवी हे बागायतदाराच्या हाताला कळतं. कमी पडली तर फळ रेंगाळतं, जास्त झाली तर नासतं. कासवाच्या अंड्याला उबेचा हिशेब याहून कडक आहे. माणसाचा मुलगा की मुलगी हे गर्भ राहतानाच ठरतं. कासवाचं तसं नाही. नर की मादी हे अंडं वाळूत असताना, उबवणीच्या मधल्या दिवसांत, वाळूच्या उष्णतेवर ठरतं. साधारण २९-३० अंशांच्या आसपास निम्मे नर, निम्म्या माद्या. वाळू थंड असेल तर नर वाढतात, तापली की माद्या. सगळा खेळ दोन-तीन अंशांचा. त्याहून फार तापली तर पिल्लू कवचातच मरतं.

आता यातली खरी मेख बघा. वाळू तापली तर पहिली कैक वर्षं नुकसान दिसतच नाही. माद्या जास्त, म्हणजे घरटी जास्त, अंडीही जास्त. दहा गाईंना एक वळू पुरतो हे शेतकऱ्याला सांगायला नको. पण जुने वळू म्हातारे झाले आणि नवा गोऱ्हाच जन्माला येईना, तर भरलेला गोठा किती वर्षं भरलेला राहील? आमचं ऑलिव्ह रिडले कासव वयात यायलाच दहा-पंधरा वर्षं घेतं. आज बिघडलं तर कळणार तेव्हा. तोवर "कुठे काय झालंय?" म्हणणारा माणूस किनाऱ्याकडे बोट दाखवून जिंकत राहतो.

हे मी नुसत्या तर्कानं सांगत नाही. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला प्रवाळांच्या समुद्रात रेन नावाचं एक लहानसं बेट आहे. हिरव्या कासवांच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या विणीच्या जागांपैकी ती एक. शास्त्रज्ञांनी त्या समुद्रात चरणारी कासवं पकडून तपासली. कोणतं नर, कोणतं मादी आणि कोणतं कुठल्या किनाऱ्यावर जन्मलेलं, हे शोधून काढलं. २०१८ साली ते प्रसिद्ध झालं. दक्षिणेकडच्या थंड किनाऱ्यांवरच्या कासवांत माद्या शंभरात ६५ ते ६९. उत्तरेकडच्या तापलेल्या किनाऱ्यांवरच्या मोठ्या कासवांत सुमारे ८७. आणि तिथल्याच लहान कासवांत ९९ च्या वर. म्हणजे म्हातारी पिढी अजून तग धरून आहे, पण पाठीमागून नर येणं जवळजवळ थांबलंय. किनाऱ्यावर उभं राहून बघणाऱ्याला मात्र रात्री हजारो माद्या वर चढताना दिसतात.

त्याच भागात आणखी उत्तरेला, पापुआ न्यू गिनीच्या जवळ, ब्रँबल के नावाचं वाळूचं बेट आहे. समुद्रापासून जेमतेम तीन मीटर उंच. त्यावर एक लहान तपकिरी उंदीर राहायचा, जगात दुसरीकडे कुठेच नाही. समुद्राची पातळी वाढली, वादळी भरत्या बेटावर चढल्या, खाऱ्या पाण्यानं गवत-झुडपं जळाली. २००४ साली त्या बेटावर दोन हेक्टरांच्या वर, म्हणजे आपल्या हिशेबानं पाच एकर हिरवळ होती. २०१४ मध्ये उरली साडेसहा गुंठे. २००९ मध्ये एका मच्छीमारानं तो उंदीर पाहिला, तो शेवटचा. माणसानं केलेल्या हवामानबदलामुळे संपलेला पहिला सस्तन प्राणी म्हणून आज त्याचं नाव घेतात.

आता तारखा बघा. फेब्रुवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाचे अर्थमंत्री स्कॉट मॉरिसन कोळशाचं ढेकूळ हातात घेऊन संसदेत उभे राहिले आणि याला घाबरायचं कारण नाही, असं विरोधकांना हसत सांगितलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांच्या सरकारनं तो उंदीर नामशेष झाल्याचं जाहीर केलं. तेव्हा मॉरिसन पंतप्रधान होते.

कोळसा जाळला तर पृथ्वी तापेल, हे काय तेव्हा नवं होतं? १८५६ साली अमेरिकेत युनिस फूट नावाच्या बाईंनी काचेच्या नळ्या उन्हात ठेवून दाखवलं होतं, की कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी जास्त तापते. १८९६ मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियसनी कोळशाच्या धुरानं पृथ्वी किती तापेल याचा हिशेब मांडला. १९५८ पासून कीलिंग या शास्त्रज्ञानं हवाईच्या डोंगरावर हा वायू रोज मोजायला सुरुवात केली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो ३१५ भागांच्या आसपास होता, आता ४२० च्या वर गेला आहे. मोजणी अजून चालू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मानानं पृथ्वी एका अंशाहून जास्त तापलीय.

तेलकंपन्यांनाही हे कळलं होतं. एक्सॉनच्या शास्त्रज्ञांनी १९७७ च्या सुमारास आपल्याच साहेबांना सांगितलं होतं. त्यांनी तेव्हा बांधलेले अंदाज पुढे २०२३ मध्ये तपासले, तर बहुतेक बरोबर निघाले. पण बाहेर बोलताना भाषा निराळी : अजून नक्की नाही, शास्त्रज्ञांतच मतभेद आहेत, घाई नको. १९८९ मध्ये तेल, कोळसा, मोटारी अशा धंद्यांनी ग्लोबल क्लायमेट कोएलिशन नावाची संघटना काढली. २००२ पर्यंत ती हेच सांगत राहिली. ही रीतही उसनी होती. १९५४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या तंबाखू कंपन्यांनी चारशेवर वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात देऊन, सिगारेटनं कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं नाही, असं लोकांना सांगितलं होतं. सिगारेट निर्दोष आहे हे त्यांना सिद्ध करायचंच नव्हतं. माणसाच्या मनात शंका राहिली, की तो आणखी एक ओढतो. तेवढं त्यांना पुरत होतं.

म्हणून मी चुलत्यांना आणि या लोकांना एका मापानं मोजत नाही. चुलत्यांनी आयुष्यभर जे पाहिलं त्यावरून ते बोलत होते. त्यांच्या उमेदीच्या काळात थंडी वेळेवर पडायची, मोहर वेळेवर यायचा. एखादं साल चुकलं तर पुढचं साल भरून काढायचं. अशा माणसानं सगळं आपोआप ठीक होईल म्हटलं, तर त्यात लबाडी नाही. ज्यांच्या टेबलावर हिशेबाचे कागद होते आणि ज्यांनी ते मिटून ठेवून लोकांना शंका विकली, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी चुलत्यांसारख्यांच्या साध्या बोलण्याचा वापर करून घेतला.

आणि दहा कोटी वर्षांचं काय? जुन्या काळीही ऊन-थंडी बदलली, पण हजारो वर्षांच्या चालीनं. तेवढ्या अवधीत कासवांना थंड किनारे शोधता आले, विणीचा महिना मागेपुढे करता आला. आता बदल माणसाच्या एका आयुष्यात होतोय. आणि कासवानं सरकायचं म्हटलं तर सरकणार कुठे? जिथे वाळू होती तिथे धूपप्रतिबंधक बंधारा आहे, रिसॉर्ट आहे, रात्रभर दिवे आहेत. मंदार पर्वत पाठीवर घेता येईल, पण अंडी घालायला वाळू तर हवी.

अरबी समुद्र तापतोय, हे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे शास्त्रज्ञ कितीतरी वर्षं सांगताहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या पट्ट्यातल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. एका वादळावरून सगळं सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. म्हणूनच नोंद लागते. आणि बोट दुसऱ्याकडे दाखवताना हेही ध्यानात ठेवावं, की आपल्या देशातली बहुतेक वीज आजही कोळशावरच होते. माझ्या घरातला पंखाही त्यावरच फिरतो.

आमच्याकडे हंगामात किती घरटी मिळाली, किती पिल्लं सोडली, याचे आकडे फळ्यावर लिहितात. चांगलंच आहे. पण पिल्लू हातात घेऊन ते नर की मादी हे वरून सांगता येत नाही. त्यामुळे तो आकडा कितीही मोठा झाला तरी अर्धीच गोष्ट सांगतो. घरट्याशेजारी वाळूत थर्मामीटर पुरून रोजचा पारा वहीत टिपायला फार शिक्षण लागत नाही, दहावी तर भरपूर झाली. वाळू तापली तर वर झावळ्यांची सावली करायलाही पैसे पडत नाहीत. एवढ्यानं पृथ्वी थंड होणार नाही. पण आणखी पंधरा वर्षांनी कुणी किनाऱ्यावर उभं राहून "कुठे काय झालंय?" म्हणालं, तर त्याच्यासमोर ठेवायला आमच्याकडे वही असेल. आणि त्या वर्षी नर समुद्रात असतील की नाही, हे आजच्या वाळूवर ठरतंय.