बोस्टन कॉलेजातील ऑनर्सचा वर्ग

‘ऑनर्स’ हा शब्द आपल्याकडील पालकांना नवा नाही. जुन्या पिढीतील एखाद्या वकिलाच्या किंवा हेडमास्तरांच्या दारावरील पाटीवर ‘बी. ए. ऑनर्स’ ही अक्षरे आपण वाचलेली असतात. अमेरिकेतील ‘ऑनर्स प्रोग्राम’ हा प्रकार मात्र थोडा निराळा आहे. कॉलेजात दाखल झालेल्या मुलांपैकी काही होतकरू मुले आरंभीच निवडायची, त्यांना लहान वर्गात बसवून कठीण ग्रंथ वाचायला लावायचे, वाद घालायला शिकवायचे आणि शेवटच्या वर्षी प्रत्येकाकडून एक प्रबंध लिहून घ्यायचा, अशी ही योजना. ऑक्सफर्डला शिकून आलेल्या फ्रँक एडलॉट यांनी १९२२ मध्ये स्वॉर्थमोर कॉलेजात ती सुरू केली आणि तिचा बोलबाला झाला. कॅथलिक विद्यापीठांत मात्र ती खूप उशिरा आली. का उशिरा आली आणि आली ती कशामुळे, हा इतिहास समाजाच्या शिक्षणसंस्था चालविणाऱ्यांनी आणि तेथे मुले पाठविणाऱ्यांनी वाचण्याजोगा आहे. त्यासाठी बोस्टन कॉलेजचे उदाहरण घेऊ. नावात ‘कॉलेज’ असले तरी हे विद्यापीठच आहे. मुंबईचे सेंट झेवियर्स १८६९ मध्ये ज्या जेझुइट पाद्र्यांनी काढले, त्यांच्याच संघाचे ते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजले, भीषण दुष्काळ पडला आणि हजारो कुटुंबे जहाजांत बसून बोस्टनला उतरली. ती गरीब होती, आणि त्या प्रॉटेस्टंट शहरात कॅथलिक होती. शहराजवळील चार्ल्सटाउन येथील जोगिणींचा मठ व त्यांची शाळा जमावाने १८३४ मध्येच जाळून टाकली होती. १८५४ मध्ये तर परकीयांचा व कॅथलिकांचा द्वेष हाच ज्याचा कार्यक्रम, असा पक्ष त्या राज्यात निवडून आला. त्याच वर्षी मेन राज्यातील एल्सवर्थ गावी जॉन बॅप्स्ट नावाच्या स्विस जेझुइटाला जमावाने पकडले, त्याचे कपडे उतरविले आणि अंगाला डांबर फासून वर पिसे चिकटविली. त्याचा अपराध कोणता? सरकारी शाळेत कॅथलिक मुलांना प्रॉटेस्टंट बायबल सक्तीने वाचायला लावू नये, असे त्याने म्हटले होते!

हेच बॅप्स्ट पुढे बोस्टन कॉलेजचे पहिले अध्यक्ष झाले. १८६३ मध्ये कॉलेजला सनद मिळाली आणि १८६४ च्या सप्टेंबरात वर्ग सुरू झाले तेव्हा पटावर २२ मुले होती. गवंडी, गोदी कामगार, छोटे दुकानदार अशा लोकांची ही मुले. सकाळी घरून निघायचे, संध्याकाळी घरी परतायचे. वसतिगृह असे पुढे कित्येक दशके नव्हतेच. लॅटिन, ग्रीक, तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान हा ठरीव क्रम. जेझुइटांनी १५९९ मध्ये आखलेल्या शिक्षणपद्धतीवर तो आधारलेला होता आणि शाळा व कॉलेज मिळून सात वर्षांचा होता.

नदीपलीकडे हार्वर्ड होते. तेथील अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी विद्यार्थ्याला विषय निवडण्याची मोकळीक देणारी नवी पद्धत आणली होती. काही ठरावीक कॉलेजांच्या पदवीधरांना हार्वर्डच्या कायदा विद्यालयात परीक्षेविना प्रवेश मिळत असे. १८९० नंतरच्या दशकात त्या यादीतून बोस्टन कॉलेजचे नाव गळले. वाद पेटला. त्यातच ‘अटलांटिक मंथली’ या प्रतिष्ठित मासिकाच्या ऑक्टोबर १८९९ च्या अंकात एलियट यांनी सर्वांना एकच अभ्यासक्रम देण्याच्या पद्धतीवर टीका केली आणि तिची दोन उदाहरणे दिली. पहिले उदाहरण मुस्लिम देशांचे, जेथे म्हणे कुराणच सर्व मुलांचे शिक्षण ठरवून देते. दुसरे जेझुइट कॉलेजांचे, ज्यांचा अभ्यासक्रम चारशे वर्षे जवळजवळ तसाच राहिला आहे.

एका दमात दोन समाजांचा निकाल लागला. १५९९ पासून १८९९ पर्यंत तीनशेच वर्षे होतात, हा हिशेबही एवढ्या मोठ्या गृहस्थांनी केला नाही. आणि मुस्लिम देशांतील मदरशांत शतकानुशतके तर्कशास्त्र, गणित व तत्त्वज्ञान शिकविले गेले, हे त्यांच्या गावीही नव्हते. कॉलेजचे माजी अध्यक्ष टिमथी ब्रॉस्नाहन यांनी सडेतोड उत्तर लिहिले. मासिकाने ते छापण्याचे नाकारले, तेव्हा १९०० मध्ये बोस्टनच्याच एका कॅथलिक साप्ताहिकात ते प्रसिद्ध झाले. कॅथलिक वाचकांनी टाळ्या वाजविल्या. हार्वर्डने मात्र आपला निर्णय बदलला नाही.

या उत्तराने एक नुकसानही केले, असे मला वाटते. अपमानाला चोख जबाब दिला म्हणजे मूळ प्रश्न सुटला, असा समज होऊन बसतो. एलियट यांचा सूर अन्यायाचा होता, परंतु आपल्या कॉलेजातून संशोधक का निघत नाहीत, हे विचारायला नंतरची अर्धी शतकभर फारसे कोणी तयार नव्हते. कॉलेज वाढले. १९१३ मध्ये चेस्टनट हिल येथील टेकडीवर भव्य इमारत उभी राहिली. वकील, डॉक्टर, नगरसेवक, पाद्री पुष्कळ तयार झाले. समाजाची स्थिती सुधारली, आणि ज्यांची परिस्थिती बरी ते मुलांना हार्वर्डला धाडू लागले. १९६० मध्ये अमेरिकेचे पहिले कॅथलिक अध्यक्ष निवडून आले ते बोस्टनच्याच आयरिश घराण्यातील जॉन केनेडी. तेही हार्वर्डचेच!

शेवटी प्रश्न विचारला तो घरच्याच माणसाने. जॉन ट्रेसी एलिस हे धर्मगुरू आणि वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठातील इतिहासाचे प्राध्यापक. १९५५ च्या मे महिन्यात सेंट लुईस येथे कॅथलिक विद्वानांच्या सभेपुढे त्यांनी निबंध वाचला आणि तो त्याच वर्षी फर्डॅम विद्यापीठाच्या ‘थॉट’ या त्रैमासिकात आला. देशात कॅथलिकांची संख्या एवढी मोठी, त्यांची कॉलेजे एवढी, तरी विद्वत्तेच्या क्षेत्रात त्यांचे स्थान इतके क्षुल्लक का, असा त्यांचा सवाल होता. पूर्वजांचे दारिद्र्य त्यांनी सांगितले, इतरांचा पूर्वग्रहही सांगितला. पण ते तेथे थांबले नाहीत. आपण स्वतःभोवती कुंपण घालून घेतले आहे. विद्येपेक्षा मुलांच्या वर्तनाकडेच आपली कॉलेजे अधिक पाहतात. आणि प्रत्येक संस्था दुसरीशी चढाओढ करीत तेच तेच विभाग उघडते, त्यामुळे कोणताच विभाग उत्तम होत नाही. एलिस यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. बोलणे कडू होते, तरी त्यांना आलेल्या पत्रांत सहमतीची पत्रेच अधिक होती.

पुढच्या हालचाली त्वरेने झाल्या. नोत्र दाम विद्यापीठाने थोर ग्रंथांच्या वाचनावर आधारलेला स्वतंत्र अभ्यासक्रम १९५० मध्येच सुरू केला होता. १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि हुशार विद्यार्थ्यांचे काय करायचे, ही साऱ्या अमेरिकेची चिंता झाली. १९५८ मध्ये मायकेल वॉल्श हे जीवशास्त्रज्ञ जेझुइट बोस्टन कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी तेथील कला व विज्ञान शाखेत ऑनर्सचा वर्ग निघाला.

या वर्गाला पुढे जे रूप आले ते असे. पहिली दोन वर्षे होमर व प्लेटोपासून क्रमाने पाश्चात्त्य परंपरेतील ग्रंथ वाचायचे. तिसऱ्या वर्षी विसावे शतक. चौथ्या वर्षी प्रबंध. वर्ग लहान, मुले टेबलाभोवती बसलेली. शिक्षकाने सांगितलेले उतरवून घेण्यापेक्षा ग्रंथ स्वतः वाचून त्यावर बोलायचे. तत्त्वज्ञानाचे तयार सिद्धांत पाठ करण्याच्या जुन्या रीतीहून ही रीत फार वेगळी. सेंट टॉमस अक्वायनस मूळातून वाचू लागले की त्यांच्या पानोपानी ‘भाष्यकार’ म्हणून ज्याचा उल्लेख येतो तो कुर्तुब्याचा इब्न रश्द, हेही वाचणाऱ्याला कळते. एलियट यांनी एकत्र झोडपलेल्या दोन परंपरा पूर्वी एकमेकींचे ग्रंथ वाचत होत्या, हे हार्वर्डच्या अध्यक्षांना कोणी सांगितले होते की नाही कोण जाणे.

योजनेला आक्षेप होतेच. पंधरा मुलांना एक प्राध्यापक देणे महाग पडते. तो पैसा मागे पडलेल्या मुलांवर का खर्च करू नये? निवडलेल्या मुलांच्या डोक्यात हवा जाणार नाही का? पहिला आक्षेप खोटा म्हणता येत नाही. मात्र हुशार मुलाला सोपे काम देऊन तसेच बसवून ठेवले तर त्याचा खर्चही समाजालाच सोसावा लागतो. फरक एवढाच की तो हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

माझ्या मते अधिक गंभीर उणीव दुसरीच होती. मुलींना परिचर्या व शिक्षणशास्त्र या शाखा आधीच खुल्या झाल्या होत्या, पण कला व विज्ञान शाखेचे दार बंद होते. ज्या घरातील मुलगा ऑनर्सच्या टेबलाशी बसून प्लेटोवर वाद घालीत होता, त्याच घरातील त्याच्याइतकीच हुशार बहीण बारा वर्षे त्या खोलीबाहेर राहिली. १९७० मध्ये सर्व शाखा मुलींना खुल्या झाल्या. कला व विज्ञान शाखेतील हा ऑनर्सचा कार्यक्रम सुमारे सहा दशके चालून नंतर आवरता घेण्यात आला. तोवर त्या टेबलाभोवती मुलींच्या अनेक पिढ्या बसून गेल्या होत्या.