बैलाडिला

बैलाडिला : छत्तीसगढ राज्याच्या दंतेवाडा जिल्ह्यातील लोहखनिजसमृद्ध डोंगररांग. राजधानी रायपूरपासून दक्षिणेस सडकेने सुमारे ४०० किमी. रांगेच्या पायथ्याशी बचेली व किरंदुल ही दोन खाणनगरे असून त्यांच्यात सुमारे १२ किमी. अंतर आहे. दोन्ही नगरांतून एकेक घाटरस्ता डोंगरमाथ्यावर चढतो. बचेलीचा आकाशनगरला व किरंदुलचा कैलाशनगरला. दुरून डोंगराचा माथा बैलाच्या वशिंडासारखा दिसतो, त्यावरून हे नाव पडले.

भूरचना : उत्तर-दक्षिण पसरलेल्या दोन समांतर कण्यांची ही रांग आहे. सर्वोच्च माथा नंदिराज (नंदराज) असून त्याची उंची समुद्रसपाटीपासून १,२५० मी.हून अधिक आहे. डोंगर अतिप्राचीन पट्टित लोहप्रस्तरांचे बनलेले आहेत. या खडकांत लोह व सिलिका यांचे पातळ थर एकाआड एक असतात. दीर्घकाळ मुरणाऱ्या पाण्याने सिलिका वाहून नेली व माथ्यांवर हेमॅटाइटचे जाड साठे उरले. खनिजातील लोहाचे प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास व काही ठिकाणी त्याहून जास्त भरते. कठीण, पोलादी रंगाच्या खनिजाबरोबर येथे ‘ब्लू डस्ट’ नावाची नैसर्गिक भुकटीही सापडते. मूठभर हातात घेतली तरी तिचे वजन जाणवते. रंगाने ती करडी-निळसर व चकाकती असते. पण ओल्या बोटाने चोळली की तांबडा डाग उमटतो.

पूर्वेकडील बरेचसे पाणी शंखिनी व डंकिनी या नद्यांना मिळते. या दोन नद्यांच्या संगमावर दंतेवाडा गाव व दंतेश्वरीचे मंदिर आहे. पुढे हे पाणी इंद्रावतीतून गोदावरीला जाते. तालपेरू नदीही याच डोंगरात उगम पावून गोदावरीस मिळते.

हवामान व वनश्री : भोवतालच्या सपाटीपेक्षा माथ्यावर पाऊस जास्त व हवा थंड असते. पावसाळ्यात माथे बरेच दिवस ढगात असतात. उतारांवर साल, साग, बिजा, तेंदू, मोह व बांबू यांचे मिश्र वन आहे. माथ्याजवळच्या सावलीच्या, बारमाही ओलसर नाल्यांत वृक्षनेचे आढळतात. मध्य भारतात ते फार थोड्या ठिकाणी उरले आहेत. गावांच्या कडेला सल्फीची झाडे असतात. कोकणात भेर्ली माड म्हणतात तेच हे झाड. त्याचा रस काढणे हा घरोघरचा उद्योग असून झाड कुटुंबाच्या मालमत्तेत मोजले जाते.

लोक व भाषा : डोंगराभोवती प्रामुख्याने दंडामी माडिया व अन्य गोंड समूहांची वस्ती आहे. घरात गोंडी बोलली जाते व आठवडी बाजारात हलबी चालते. हा प्रदेश पूर्वी ज्या बस्तर संस्थानात होता, ते नागपूरकर भोसल्यांना टाकोळी (खंडणी) देत असे; त्यामुळे मराठीशी येथला संबंध जुना आहे. पूर्वेकडील भाषांच्या आणि मराठीच्या सीमेवर वाढलेल्या हलबीतले पुष्कळ शब्द मराठी माणसाला ओळखीचे वाटतात. पूर्वी स्थानिक कारागीर लहान मातीच्या भट्ट्यांत लोखंड गाळीत. ते भट्टीकाम आता जवळपास संपले असले, तरी कोंडागाव परिसरात ठोकून घडवलेल्या लोहशिल्पांची कला टिकून आहे. खाणनगरांत मात्र आंध्र, ओडिशा, बंगाल, केरळ व उत्तर भारतातून आलेल्या कामगारांची मिश्र वस्ती आहे.

खाणींचा इतिहास : भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमथनाथ बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या खनिजाची नोंद केली. १९३४-३५ मध्ये भूवैज्ञानिक क्रूकशँक यांनी नकाशा तयार करून साठ्यांना १ ते १४ असे क्रमांक दिले. खाणीतली भाषा आजही याच क्रमांकांची आहे. कामगार ‘डिपॉझिट पाच’, ‘डिपॉझिट चौदा’ असेच म्हणतात. प्रत्यक्ष उत्खननाला चालना मिळाली ती युद्धोत्तर जपानच्या पोलाद उद्योगामुळे. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय खनिज विकास निगमाकडे (एनएमडीसी) हे काम आले. १९६० मध्ये जपानी पोलाद कारखान्यांशी करार होऊन बैलाडिलातून वर्षाला ४० लाख टन खनिज पुरवण्याचे ठरले. किरंदुलकडील डिपॉझिट १४ हे १९६८ मध्ये व बचेलीकडील डिपॉझिट ५ हे १९७७ मध्ये सुरू झाले. त्यानंतर अकरा व दहा क्रमांकांच्या साठ्यांवरही खाणी उघडल्या.

लोहमार्ग : खनिज समुद्रापर्यंत नेण्यासाठी १९६०च्या दशकात किरंदुल-कोत्तवलसा हा सुमारे ४४५ किमी.चा ब्रॉडगेज मार्ग बांधण्यात आला. तो विशाखापट्टणम बंदराशी जोडलेला आहे. बैलाडिलाच्या पायथ्याहून निघालेल्या मालगाडीला पुढे पूर्व घाट ओलांडावा लागतो. या टप्प्यात पन्नासहून अधिक बोगदे असून शिमिलिगुडा स्थानक सुमारे ९९६ मी. उंचीवर आहे. विशाखापट्टणमकडून येताना दंतेवाडा, कमलूर, भांसी, बचेली व किरंदुल अशी शेवटची स्थानके लागतात. या शतकाच्या पहिल्या दशकात किरंदुल ते विशाखापट्टणम अशी २६७ किमी.ची नळवाहिनीही झाली. तिच्यातून बारीक खनिज पाण्यात कालवून पाठवले जाते. रायपूरशी मात्र थेट लोहमार्ग नाही. भिलाई कारखान्याला खनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा या जुन्या खाणनगरापासून रावघाटमार्गे जगदलपूरला नेण्याचा मार्ग टप्प्याटप्प्याने बांधला जात आहे. परिणामी बैलाडिलाचे खनिज अर्धशतकाहून अधिक काळ रेल्वेने समुद्राकडे जात आले आहे, तर राजधानीला जाणाऱ्या प्रवाशाला आजही सडकच धरावी लागते.

माथ्यावरील रस्ते : आकाशनगर व कैलाशनगर या पूर्वी माथ्यावरच्या कामगार वसाहती होत्या. पुढे बहुतेक वस्ती पायथ्याला आली आणि घाट मुख्यतः पाळ्यांच्या बस व खाणीच्या वाहनांसाठी उरले. खनिज मात्र या रस्त्यांनी उतरत नाही. माथ्यावर सुरुंगाने फोडलेला दगड डंपरमधून चुरडयंत्रात पडतो, तेथून पट्टावाहकावरून डोंगर उतरतो, पायथ्याशी चाळला जातो व वाघिणींत भरला जातो. उन्हाळ्यात घाटाच्या कडेची पाने तांबड्या धुळीने माखलेली असतात. पहिल्या जोरदार सरीत ही धूळ वळणावरच्या मोऱ्यांतून नाल्यात उतरते.

दोन्ही घाट खाणीच्या कुंपणात असल्याने एरवी पाहुण्यांना मज्जाव आहे. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी, १७ सप्टेंबरला, आकाशनगरचा रस्ता लोकांसाठी खुला करण्याचा प्रघात आहे. तेव्हा पाऊस सरत आलेला असतो आणि ढग फाटले तर एका बाजूला खाणीच्या पायऱ्या व दुसऱ्या बाजूला दाट जंगलाची दरी दिसते. बचेलीहून किरंदुलला जाणाऱ्याने मात्र पायथ्याचीच सडक धरावी. माथ्यावरून एका नगरातून दुसऱ्यात उतरण्याची मुभा पदभ्रमंती करणाऱ्यांना नाही.

संघर्ष : ५ एप्रिल १९७८ रोजी किरंदुल येथे यंत्रीकरण व कंत्राटी कामगारांच्या कपातीविरुद्धच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात अनेक कामगार मृत्युमुखी पडले. फेब्रुवारी २००६ मध्ये माओवाद्यांनी हिरोली येथील स्फोटकांच्या कोठारावर हल्ला करून औद्योगिक सुरक्षा दलाच्या आठ जवानांना ठार केले व मोठा साठा पळवला. पुढे बराच काळ प्रवासी गाडी अनेकदा किरंदुलपर्यंत न जाता दंतेवाड्यालाच थांबवली जात असे.

खाणीच्या धुपीमुळे शंखिनी व तिला मिळणारे नाले तांबडे होणे ही पायथ्याच्या गावांची जुनी तक्रार आहे. गाळ शेतात बसला की जमीन नापीक होते व गुरांना पाणी उरत नाही. जुलै २०२४ च्या अतिवृष्टीत डोंगरावरून आलेला तांबडा चिखल किरंदुलच्या खालच्या वस्त्यांत शिरला.

डिपॉझिट १३ चा प्रश्न वेगळा आहे. ज्या डोंगरावर हा साठा आहे तो आदिवासींच्या श्रद्धेनुसार नंदराज देवाचा डोंगर आहे. त्याची पत्नी पिटोडराणी हिचेही स्थान तेथेच मानतात. येथील खाण विकसित करण्याचे काम अदानी समूहाच्या कंपनीकडे देण्यात आले होते. जून २०१९ मध्ये दंतेवाडा, बिजापूर व सुकमा जिल्ह्यांतील हजारो लोक शिधा बांधून पायी किरंदुलला आले आणि खाण कार्यालयासमोर दिवसरात्र बसून राहिले. हिरोलीच्या ग्रामसभेची २०१४ मधील संमती बनावट असल्याचे त्यांचे म्हणणे होते. राज्य शासनाने काम थांबवून चौकशीचे आदेश दिल्यावर धरणे उठले. इंद्रावतीपलीकडे गडचिरोली जिल्ह्यातील सुरजागडच्या लोहडोंगरावरूनही ठाकूरदेवाचे स्थान आणि खाण असाच वाद उभा राहिला.

पायवाटा : पदभ्रमंतीसाठी रांगेचा खुला भाग म्हणजे ढोलकल. दंतेवाड्यापासून सुमारे १५ किमी.वरील फरसपाल गावाकडून वाट लागते. पहिला टप्पा सपाट जंगलातून जातो, पुढे नाले ओलांडून चढ सुरू होतो व शेवटी उघड्या कातळावर हातांचा आधार घ्यावा लागतो. अरुंद सुळक्याच्या टोकावर सुमारे तीन फूट उंचीची गणेशमूर्ती आहे. ती छिंदक नागवंशी राजवटीच्या काळातील, साधारण अकराव्या शतकातील मानली जाते. चतुर्भुज मूर्तीच्या वरच्या हातांत परशू व तुटलेला दात आहे. परशुराम व गणेश यांचे युद्ध येथेच झाले आणि फरशीवरून (परशूवरून) फरसपाल नाव पडले, अशी स्थानिक कथा आहे. जानेवारी २०१७ मध्ये मूर्ती दरीत ढकललेली व फुटलेली आढळली. तुकडे गोळा करून, सांधून ती मूळ जागी बसवण्यात आली. गावातील वाटाड्या बरोबर घेणे आवश्यक आहे, कारण मोह व तेंदू वेचणाऱ्यांच्या वाटा मुख्य वाटेला ठिकठिकाणी फुटतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा योग्य काळ होय. पावसाळ्यात कातळ निसरडा असतो.

दळणवळण : रायपूरहून धमतरी, कांकेर, केशकाळ घाट, कोंडागाव व जगदलपूर असा मार्ग आहे. केशकाळच्या वळणांवर महानदीच्या खोऱ्यातील सपाटी संपून बस्तरचे पठार सुरू होते. घाटातील तेलीन मातेच्या मंदिरापाशी वाहने थांबवण्याची प्रथा आहे. जगदलपूर-दंतेवाडा सुमारे ८५ किमी. व दंतेवाडा-बचेली सुमारे ३० किमी. आहे. महाराष्ट्रातून सिरोंचा, भोपालपट्टणम, बिजापूर व गीदम असा दुसरा मार्ग आहे; इंद्रावतीवर पूल झाल्यापासून गडचिरोलीच्या दक्षिण टोकातून येणाऱ्यांना रायपूरचा वळसा पडत नाही. मुक्कामाची सोय दंतेवाडा व बचेली येथे होते. खाणक्षेत्रातील कोणत्याही वाटेसाठी एनएमडीसीची पूर्वपरवानगी लागते. ढोलकलच्या वाटेवर निघण्यापूर्वी फरसपालमध्ये चौकशी करावी.