यशवंत घाडगे सूर्यघड्याळ स्मारक

यशवंत घाडगे सूर्यघड्याळ स्मारक हे इटलीच्या पेरुजा प्रांतातील मोन्तोने या गावी असलेले युद्धस्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात येथून जवळ धारातीर्थी पडलेले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे आणि इटलीच्या मोहिमेत लढलेले भारतीय सैनिक यांच्या स्मरणार्थ ते उभारण्यात आले. त्याचे अनावरण जुलै २०२३ मध्ये झाले.

पार्श्वभूमी

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी तत्कालीन कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात पळसगाव येथे झाला. माणगाव आणि त्याला लागून असलेल्या महाड परिसराला सैनिकी परंपरा आहे. महाड तालुक्यातील आंबवडे हे गाव 'फौजी आंबवडे' म्हणूनच ओळखले जाते. घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते.

१० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यातील चढाईत त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला. घाडगे वगळता तुकडीतील सर्व जवान ठार किंवा जखमी झाले. घाडगे यांनी एकट्याने ठाण्यावर धाव घेतली, हातबाँब टाकून मशिनगन व तोफची निकामी केला आणि आणखी एका शत्रुसैनिकाला गोळी घातली. बंदुकीतील काडतुसांची पेटी बदलण्यास अवधी नसल्याने उरलेल्या दोघांना त्यांनी बंदुकीच्या दस्त्याने ठार केले. मात्र दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून त्यांना त्याच ठाण्यात वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला व त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी तो स्वीकारला.

स्वरूप

स्मारकावर 'आपण सर्व एकाच सूर्याखाली राहतो' या अर्थाचे लॅटिन ब्रीदवाक्य आहे. मोन्तोनेची नगरपालिका व इटालियन लष्करी इतिहासकार यांनी ते साकारले. इटलीच्या मोहिमेत ५०,००० हून अधिक भारतीय सैनिक लढले. त्यांपैकी ५,७८२ जणांना मृत्यू आला. या मोहिमेत देण्यात आलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीय सैनिकांना मिळाले.

इतर स्मृतिस्थळे

घाडगे यांची ज्ञात कबर वा समाधी नाही. इटलीतील कॅसिनो स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. माणगाव येथे त्यांचा पुतळा आहे.